पाऊणकीच्या हिशेबाने : वर्सोवा ते बोर्डी

मुंबईचा माणूस समुद्रकिनारी सुट्टी घालवायची म्हटली, की दक्षिणेकडे तोंड करतो. गेटवेवरून किंवा भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरायची, मांडवा, अलिबाग, काशीद, मुरूड करायचे, रजा जास्त असेल तर गणपतीपुळे नाहीतर गोवा गाठायचा. आम्ही भावंडेही आजवर हेच करत आलो. चर्चगेटहून सुटणाऱ्या लोकलवर डहाणूची पाटी लागल्यालाही एप्रिल २०१३ पासून आता बरीच वर्षे झाली, परंतु विरारच्या पुढे आपलाच किनारा आहे, तिथे गावे आहेत, सुरूची बने आहेत, किल्ले आहेत, याची आम्ही कधी नीट दखल घेतली नव्हती. या मार्गशीर्षात मी आणि दादा दोघेच पाच दिवस त्यासाठी निघालो.

निघताना एक गोष्ट ठरवली होती. बेत आखायचा तो भरती-ओहोटीच्या वेळा पाहून. आमचे वडील, अण्णा, आम्हाला गिरगाव चौपाटीवर नेत तेव्हा घरातून पाय काढण्यापूर्वी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्यांना ठाऊक होता आणि त्यासाठीच त्यांनी आमच्याकडून पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, घोकून घेतली होती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. म्हणून अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. काही मिनिटे इकडेतिकडे होतात, पण प्रवासाला हा अंदाज पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी वरही खूप चढते आणि मागेही खूप हटते; अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा दोन्ही बेताचे असते. आम्ही एकादशीला निघून पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या दिवशी, बोर्डीला पोहोचायचे ठरवले, म्हणजे रोज थोडे अधिक पाणी हटताना पाहायला मिळाले असते.

पहिला दिवस, एकादशी : वर्सोवा, मढ, आक्सा, मनोरी

अकरा पाऊणे सव्वाआठ. आम्ही सकाळी वर्सोव्याला पोहोचलो तेव्हा पाणी पूर्ण चढलेले होते आणि चालायला वाळूची अरुंद पट्टी तेवढी शिल्लक होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शहा या वकिलांनी याच किनाऱ्यावर कचरा उचलायला सुरुवात केली. शनिवार-रविवारी येणाऱ्या स्वयंसेवकांनी पुढे इथून हजारो टन कचरा हलवला आणि २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले याच वाळूतून समुद्राकडे गेली. हे वाचून माहीत होते, तरी पायाखालची वाळू पाहताना मन भरून आले. अर्थात भरती प्रत्येक वेळी नवे प्लास्टिक आणून टाकतेच. त्या सकाळीही पाण्याच्या काठाने त्याची एक रेघ उमटलेली होती आणि दोन मुले पोती घेऊन ती वेचत होती.

कोळीवाड्यातून धक्क्यावर जाऊन आम्ही मढची होडी धरली. रस्त्याने मालाडला वळसा घालून जायला तास-दीड तास लागतो. खाडी ओलांडायला काही मिनिटेच पुरतात. मढला उतरताच बोंबील सुकवण्याच्या बांबूच्या वलांड्या लागल्या. एक बाई पाटीतून दोन-दोन ओले बोंबील उचलत होती, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवत होती आणि ती जोडी दोरीवर टाकत होती. गाठ नाही, आकडा नाही. माशांचेच दात एकमेकांना धरून ठेवतात. तिचे हात इतक्या झपाट्याने चालत होते, की तिसऱ्या-चौथ्या जोडीनंतर कुठे मला ती युक्ती उमगली. ऊन चांगले असले, की दोन-तीन दिवसांत माल सुकतो, एवढेच ती न थांबता म्हणाली.

मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात असल्याने बाहेरूनच पाहिला. एरंगळला समुद्राला लागूनच सोळाव्या शतकातले पोर्तुगीज चर्च आहे. जानेवारीत तिथे सण भरतो आणि त्याला कोळी, ईस्ट इंडियन म्हणजे इथले मूळचे ख्रिस्ती आणि इतरही सगळे लोटतात. तिथून बेस्टच्या बसने आक्साला आलो तेव्हा दोन वाजून गेले होते आणि ओहोटी पूर्ण व्हायला आली होती. आक्साचा किनारा देखणा आहे, विस्तीर्ण आहे आणि दरवर्षी माणसे गिळतो. वाळूत खळगे पडतात, त्यांच्या जागा बदलतात आणि उतरणारे पाणी त्या वाटांनी जोराने आत खेचते. कालपर्यंत गुडघाभर असलेल्या जागी आज माणूस गळ्यापर्यंत जातो. तिथे उभ्या असलेल्या जीवरक्षकाने शिट्टी वाजवल्यावर महाविद्यालयातल्या काही मुलांनी त्याच्याशी वाद घातला, हे पाहून फार वाईट वाटले. भर दुपारी तो त्यांच्याच जिवासाठी उभा होता.

मार्वेहून होडीने मनोरी. रात्री ज्या ईस्ट इंडियन कुटुंबाकडे उतरलो, त्यांच्याकडे जेवणाला त्यांच्या बाटली मसाल्यातले मटण आणि फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, होते. दादाचा एकादशीचा उपास. तो काही न बोलता केळी खाऊन झोपण्याच्या तयारीत होता, पण घरच्या मावशींच्या लक्षात आले आणि अर्ध्या तासाने त्या उकडलेल्या रताळ्यांची ताटली, वाटीभर दूध आणि शेजारून मागून आणलेले शेंगदाणे घेऊन आल्या. “आमचापण लेंटमध्ये उपास असतो, मला काय माहीत नाय का,” असे म्हणून त्यांनी ताटली त्याच्यापुढे सरकवली. दादा दुसऱ्या दिवशी वसईला पोहोचेपर्यंत त्याच रताळ्यांबद्दल बोलत होता.

दुसरा दिवस, द्वादशी : गोराई, उत्तन, वसई

बारा पाऊणे नऊ. गोराईच्या किनाऱ्यावर सकाळी फिरून आम्ही विपश्यना पॅगोडा पाहिला. २००९ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूच्या घुमटाखाली एकही खांब नसून दगड एकमेकांत गुंतवून तो उभा केला आहे आणि आत सुमारे आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतात. उत्तनला थांबलो नाही.

भाईंदरच्या जेट्टीवरून वसईला जायला २०२४ साली रो-रो, म्हणजे वाहनेही नेणाऱ्या बोटीची, सेवा सुरू झाली, तिचा आम्हाला मोठा उपयोग झाला. गाडीच्या पुलावरून वसईची खाडी शेकडो वेळा ओलांडली होती; पाण्यावरून ती ओलांडताना मात्र वसईचा किल्ला ज्या जागी आहे तिथेच का आहे, ते मला पहिल्यांदा कळले. खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत त्याच्या डोळ्यांखालून जाणार. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून पोर्तुगीजांना वसई मिळाली आणि दोनशेहून अधिक वर्षे ती त्यांच्याकडे राहिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती घेतली. इथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. चर्चच्या छप्पर उडालेल्या भिंतींतून वड-पिंपळ उगवले आहेत आणि खाली पडलेल्या थडग्यांच्या दगडांवरची पोर्तुगीज अक्षरे अजून वाचता येतात.

दुपारनंतर आम्ही भुईगाव, कळंब, राजोडी या बाजूने उत्तरेला सरकलो. ओहोटी तीनच्या सुमारास पूर्ण झाली होती, त्यामुळे किनाऱ्याची दुखापत उघडी पडलेली दिसली. सुरूची झाडे वाळू धरून ठेवण्यासाठी लावलेली असतात. इथे मात्र त्यांच्या पुढच्या रांगेतली कित्येक झाडे आडवी पडली होती आणि उभी होती त्यांची मुळे हातभर वर निघाली होती. वाळूचा उपसा आणि लाटांची धूप या दोन्हींनी मिळून हे झाले आहे. एका मुळाला मी हात लावला. कोवळे, ओले, आतून तांबूस होते ते. झाड अजून जिवंत होते.

याच पट्ट्यात वसईची हिरवाई आहे आणि ती राखण्यासाठी झालेल्या हरित वसईच्या लढ्याशी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि २०२४ च्या जुलैत ते गेले. आगाशीच्या बाजारातून आम्ही सुकेळी घेतली. पिकलेली राजेळी केळी सोलून, उन्हात टप्प्याटप्प्याने सुकवून आणि मधाच्या रंगाची झाली, की केळीच्याच वाळल्या सोपटात बांधून ती विकतात. तोंडात टाकल्यावर आधी चिवट लागते आणि मग हळूहळू विरघळते. आता ती करणारी घरे मोजकीच उरली आहेत, असे विकणाऱ्या काकूंनी सांगितले.

मुक्कामाच्या खोलीची जाहिरात ‘समुद्रालगत’ अशी होती आणि ती खोली समुद्रापासून चांगली दोन किलोमीटर आत, मुख्य रस्त्यावर निघाली. पैसे आधीच भरले असल्याने इलाज नव्हता. आधी फोन करून नेमकी जागा विचारून घ्यावी, हे सांगण्यासाठीच इथे लिहिते.

तिसरा दिवस, त्रयोदशी : अर्नाळा आणि केळवे

तेरा पाऊणे पावणेदहा. अर्नाळ्याचा किल्ला वैतरणेच्या मुखाशी बेटावर आहे आणि होडी थेट किनाऱ्यावरून सुटते. पाणी चढलेले असताना गेलो तरी गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन होडीत चढावे लागलेच. होडीत आमच्याबरोबर शाळेच्या शिक्षिका होत्या, गॅसचे दोन सिलिंडर होते, दुधाचे कॅन होते. बेटावर वस्ती आहे आणि तिचे सगळे जगणे या होडीवर चालते, हे आपण किल्ला पाहायला निघालेले लोक विसरतो.

मराठ्यांनी हे बेट १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतले. दरवाजावर मराठी शिलालेख आहे. बाजीरावांच्या आज्ञेने, पाश्चात्त्यांचा पाडाव करून, ‘सिंधुउदरी’ त्वरेने जंजिरा बांधावा असा त्याचा आशय. कमानीवर हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत. आत अष्टकोनी पाणवठा आहे; चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी, हेच या किल्ल्याचे खरे बळ असणार. तटावर उभे राहिल्यावर उत्तरेला वैतरणेचे तोंड आणि पलीकडचा किनारा दिसत होता. दादा तिथे बराच वेळ न बोलता उभा राहिला.

विरारहून डहाणू लोकलने केळवे रोड आणि तिथून रिक्षाने केळवे गावात पोहोचायला तीन वाजले. शितलादेवीचे दर्शन घेतले आणि घाई केली, कारण पावणेचारला ओहोटी पूर्ण होत होती आणि पाणकोट पाहायचा होता. दांडा खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला हा लहानसा कोट लांबून अगदी नांगरलेल्या गलबतासारखा दिसतो. भरतीत त्याच्या भोवती पाणी असते. ओहोटीत चालत जाता येते. वाळू संपून गाळ लागला तेव्हा आमचे पाय घोट्यापर्यंत रुतू लागले. खाडीच्या कडेला कालवे, म्हणजे दगडांना चिकटलेले शिंपले, काढणाऱ्या एका माणसाने आम्हाला हाक मारून थांबवले आणि कुठून पाय टाकायचा ते स्वतः पुढे चालून दाखवले. कोटाच्या दगडांवर माणसाच्या उंचीहूनही वरपर्यंत कालवांचे थर चिकटलेले होते. त्याच्यापाशी उभे राहून मी वर पाहिले आणि सहा तासांनी पाणी माझ्या डोक्यावरून जाणार आहे, हे त्या थरावरून कळले. “पाऊण तास थांबा, मग निघा. पानी समोरून येत नाय, मागल्या बाजूने येतो,” तो म्हणाला. आम्ही अर्ध्याच तासात परतलो.

रात्रीचे जेवण ही त्या दिवसाची दुसरी ठेव होती. केळवे-माहीम हा वाडवळांचा मुलूख. पानवेलींचे मळे, केळी, भाजीपाला यांवर पिढ्यान्पिढ्या जगलेला. थंडीत त्यांच्याकडे उकडहंडी होते आणि ज्यांच्या वाडीत आम्ही उतरलो होतो, त्यांनी आम्ही येणार म्हणून ती त्याच दिवशी लावली होती. वालाच्या कोवळ्या शेंगा, कोनफळ, करांदे, रताळी, लहान वांगी, हिरव्या लसणीची पात, ओले खोबरे आणि मसाला असे सगळे मडक्यात भरून तोंड पाल्याने बंद केले होते आणि मंद आचेवर ठेवले होते. पाण्याचा थेंब त्यात घातलेला नव्हता. मडके फोडल्यासारखा वास सुटला, तो आधी लसणीचा, मग कोनफळाचा. घरातल्या आजी प्रत्येकाच्या पानात कोणता कंद गेला ते पाहून वाढत होत्या. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत उंधियो शोधत फिरणाऱ्या आपल्या लोकांना हा आपला पदार्थ ठाऊकही नसावा, याची मला खंत वाटते.

चौथा दिवस, चतुर्दशी : सातपाटी, डहाणू

चौदा पाऊणे साडेदहा. सातपाटीच्या खाडीत गाळ इतका साचला आहे, की बोटींना आत यायला भरतीची वाट पाहावी लागते. दहाच्या सुमारास आम्ही बंदरावर पोहोचलो तेव्हा बाहेर थांबलेल्या बोटी एकामागून एक आत शिरत होत्या आणि बर्फाच्या गाड्या, टोपल्या घेतलेल्या बायका, तराजू, हिशेबाच्या वह्या यांनी धक्का भरून गेला होता. सातपाटीचे पापलेट प्रसिद्धच आहे. २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्य मासा म्हणून जाहीर केले. एका टोपलीत मात्र तळहाताएवढी पिल्ले दिसली. टोपलीमागे बसलेले वयस्क गृहस्थ आपणहून म्हणाले, की ही धरायला नकोत, हे त्यांनाही कळते, पण जाळ्यात आलेले परत सोडले तरी जगत नाहीत. जाळ्याचा आस, म्हणजे त्याची भोके, मोठा ठेवायचा तर तो सगळ्यांनीच ठेवायला हवा.

पालघरहून गाडीने डहाणू रोड. बोईसरजवळ तारापूरचे अणुवीज केंद्र लांबूनच पाहिले. १९६९ मध्ये सुरू झालेले ते देशातले पहिले. डहाणूच्या किनाऱ्यावर संध्याकाळी नारळपाणी प्यालो, एवढेच.

पाचवा दिवस, पौर्णिमा : घोलवड, बोर्डी

पंधरा पाऊणे सव्वाअकरा. सकाळ आम्ही चिकूच्या वाडीत घालवली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. टोकाला जाळी लावलेल्या लांब बांबूने गडी एकेक फळ देठासकट उतरवत होता आणि प्रत्येक फळ अंगठ्याने किंचित घासून पाहत होता. साल खालून हिरवी निघाली तर फळ राहू द्यायचे, पिवळसर निघाली तर काढायचे. मी दोन फळे अशी घासून पाहिली आणि दोन्ही वेळा चुकीचा अंदाज केला.

कोसबाडच्या टेकडीवर जाऊन आलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखायला जाणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येता येत नाही, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. पलीकडे बहारोटचा डोंगर दिसत होता. गुजरातच्या किनाऱ्यावरचे त्यांचे संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी त्याच डोंगरातल्या गुहांत नेऊन जपला आणि कित्येक स्थलांतरांनंतर तो उदवाड्याला स्थिरावला.

डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि त्याच्या राखणीसाठी नेमलेल्या प्राधिकरणाचे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी दीर्घकाळ अध्यक्ष होते. आपण खातो तो चिकू आणि पाहतो तो मोकळा किनारा या निर्णयामुळे टिकला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आता डहाणूजवळच वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे बंदर होणार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. वाटेतल्या गावांत विरोधाचे फलक दिसले. ज्या खडकाळ पाण्यात मासे अंडी घालतात, तिथे भराव पडणार, ही मच्छीमारांची भीती मला सातपाटीच्या धक्क्यावर उभे राहिल्यानंतर कागदावरची वाटत नाही.

चार वाजता आम्ही बोर्डीच्या किनाऱ्यावर उतरलो. इकडे किनाऱ्याचा उतार फार मंद आहे आणि खंभातच्या आखाताकडे जाल तसतसे भरती-ओहोटीतले अंतरही वाढत जाते, त्यामुळे पौर्णिमेच्या ओहोटीला समुद्र डोळ्यांना दिसेनासा होतो. काळपट ओल्या वाळूवर लाटांनी उमटवलेल्या रेघा होत्या आणि त्या रेघांमध्ये बोटभर पाणी उरलेले होते. आम्ही चपला हातात घेऊन पश्चिमेला चालू लागलो. वीस मिनिटे चाललो तेव्हा कुठे फेसाची पांढरी कड दिसली. मागे वळून पाहिले तर सुरूचे बन एक गडद पट्टी होऊन राहिले होते. सहाच्या सुमारास समोर सूर्य पाण्याला टेकला आणि त्याच सुमाराला मागे, वाड्यांच्या वर, दत्तजयंतीचा चंद्र आला. वाळूतल्या पाण्यात एकीकडे तांबडा आणि दुसरीकडे फिकट पिवळा उजेड पडला होता.

तेवढ्यात माझ्या पायाजवळच्या एका रेघेतले पाणी हलले. ते समुद्राकडे जात नव्हते. आमच्या मागच्या बाजूने, किनाऱ्याच्या दिशेने सरकत होते. केळव्याच्या त्या माणसाचे शब्द आठवले. दादाने घड्याळात पाहिले आणि आम्ही वळलो. आमच्याच पावलांवर पाय देत परत येताना पुढची पावले पाण्याने भरू लागली होती.

डहाणू रोडला रात्रीची लोकल मिळाली. डब्यात चिकूच्या करंड्या, सुक्या मासळीच्या गोण्या आणि पहिल्या पाळीला मुंबईत पोहोचणारी माणसे होती. वैतरणेच्या पुलावर खाली भरतीचे पाणी चंद्रप्रकाशात काठोकाठ आलेले दिसले. दादाने पिशवीतून पंचांगाचा कागद काढला आणि म्हणाला, “उद्या प्रतिपदा. दुपारी बाराच्या सुमाराला भरती. सहाला चौपाटीवर ये, वाळू मोकळी असेल.”